जॅझचे बॉक्स सेट आणि रीइश्यू: आधी मूळ अल्बम, मग सगळी टेप

जॅझ गोळा करणाऱ्यांमध्ये एक सवय फार पटकन लागते. एखादा कलाकार आवडला की त्याचा सगळ्यात मोठा बॉक्स सेट शोधायचा. आठ-दहा सीडी, जाड पुस्तिका, कधी बाहेर न आलेले टेक (त्याच धूनेचे वेगळे प्रयत्न), स्टुडिओतलं बोलणं. असे सेट घेण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः घेते. पण ते कधी आणि कसे ऐकावेत यावर माझं मत ठाम आहे. आधी मूळ अल्बम, मूळ क्रमाने, पहिली बाजू आणि मग दुसरी बाजू. तो अंगात भिनू द्यावा. सेट त्यानंतर.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बिल एव्हान्सचं व्हिलेज व्हॅनगार्ड. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधल्या त्या तळघरातल्या क्लबमध्ये दुपारी दोन आणि रात्री तीन असे वाजवण्याचे पाच सेट, म्हणजे फेऱ्या, झाल्या. पियानोवर एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. रिव्हरसाइड लेबलचे ऑरिन कीपन्यूज निर्माते. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता.

त्यानंतर 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' निघाला. त्याचा क्रम बघा. सुरुवात 'ग्लोरियाज स्टेप'ने, शेवट 'जेड व्हिजन्स'ने. दोन्ही रचना लाफारोच्या. मधली निवडही अशी की बास सतत समोर येत राहतो. हा क्रम त्या दिवशी कुणी वाजवलेला नाही. तो नंतर, दुःखात बसून लावलेला आहे. उरलेल्यातून 'वॉल्ट्झ फॉर डेबी' १९६२ मध्ये आला.

आता २००५ चा तीन सीडींचा सेट घ्या. त्यात सगळं घडलं त्या क्रमाने आहे. पहिल्याच 'ग्लोरियाज स्टेप'च्या मध्यात वीज जाते, आवाज तुटतो आणि परत येतो. 'ऑल ऑफ यू' दिवसभरात तीनदा येतं. 'जेड व्हिजन्स' शेवटच्या सेटमध्ये, लागोपाठ दोनदा. टेबलांवरच्या गप्पा, ग्लासांची किणकिण, मधेच कुणाचं तरी हसणं. इथे श्रद्धांजली नाही, कारण पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नाही. तीन माणसं रविवारचं काम करताहेत आणि अर्ध्या लोकांचं लक्षही नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही हव्यात. पण तीन सीडी आधी ऐकल्या तर अल्बमचा तो लावलेला क्रम नंतर हवा तसा भिडत नाही. 'जेड व्हिजन्स' शेवटी का ठेवलंय ते कळतं, पण जाणवत नाही.

तुम्ही कसं ऐकता? कोणत्या सेटमुळे एखादा कलाकार नव्याने समजला? आणि रीइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमची नव्याने काढलेली आवृत्ती, निवडताना काय बघता?

*

मूळ क्रम नेहमीच पवित्र नसतो

धागा आवडला, पण एक मोठा अपवाद नोंदवतो. 'एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट'.

७ जुलै १९५६ ची ती रात्र. 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या मधल्या जागेत पॉल गोन्साल्विसने टेनर सॅक्सोफोनवर २७ कोरस (धूनेची पूर्ण आवर्तनं) घेतले आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. ड्यूक एलिंग्टनची उतरणीला लागलेली कारकीर्द त्या रात्रीने परत उभी केली असं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण १९५६ ची एलपी ऐकताना सोलो लांबून आल्यासारखा वाटतो. गोन्साल्विस चुकीच्या माइकसमोर उभा होता. तो माइक व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा, एलपी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डिंगचा नव्हे. शिवाय त्या एलपीतला बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, त्यावर टाळ्या चढवून बनवलेला होता.

पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप मिळाली. १९९९ च्या आवृत्तीत ती कोलंबियाच्या टेपशी जुळवली. दोन्ही मोनो, पण मंचावरच्या दोन वेगवेगळ्या जागांहून घेतलेल्या. त्या एकमेकींशी तंतोतंत जुळवल्यावर चक्क स्टिरिओ तयार झालं. आणि गोन्साल्विस एकदम समोर आला. मागून बँडमधले लोक त्याला ओरडून पुढे ढकलताहेत, ते स्वच्छ ऐकू येतं.

इथे मी नवीन माणसाला १९५६ ची एलपी आधी ऐक असं मुळीच सांगणार नाही. सरळ १९९९ ची घ्यावी. त्या एलपीचा क्रम हा कलात्मक निर्णय नव्हता. वेळेवर अल्बम बाजारात आणायची ती धडपड होती.

*

लाइटहाउस

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि धागालेखिकेशीही. ट्रम्पेटवाल्या ली मॉर्गनच्या 'लाइव्ह अ‍ॅट द लाइटहाउस'मध्ये दोन्ही बाजू एकत्र दिसतात.

जुलै १९७०, कॅलिफोर्नियातलं हर्मोसा बीच, तिथला लाइटहाउस क्लब. मूळ आवृत्ती दोन एलपींची, म्हणजे चार बाजू आणि चार रचना. एकेक रचना पूर्ण बाजू व्यापते. आणि चारपैकी एकही रचना मॉर्गनची नाही! दोन बासवाल्या जिमी मेरिटच्या, एक पियानोवाल्या हॅरॉल्ड मेबर्नची, एक बेनी मॉपिनची. स्वतःचं नाव कव्हरवर असताना आपल्या साथीदारांना एवढी जागा देणारा माणूस होता तो. हे चार बाजूंत जेवढं ठसतं तेवढं पुढच्या कुठल्याही आवृत्तीत ठसत नाही.

१९९६ मध्ये तीन सीडी आल्या. २०२१ मध्ये तिन्ही रात्रींचे बाराही सेट, आठ सीडी किंवा बारा एलपी. तिथे मॉर्गनच्या स्वतःच्या रचनाही भेटतात, आणि एका धूनेला जॅक डिजॉनेट ड्रम्सवर येऊन बसतो. पण खरी गंमत 'द बीहाइव्ह'सारखी एकच धून वेगवेगळ्या रात्री ऐकण्यात. एकाच गायकाचा एकच राग तीन मैफिलींत शोधून ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चौकट तीच, पण कुठे थांबायचं, कुठे तोडायचं, कुणाला पुढे सोडायचं हे रोज नव्याने ठरतं. दीड वर्षाने, फेब्रुवारी १९७२ मध्ये, मॉर्गनचा गोळी लागून मृत्यू झाला. त्याच्या शेवटच्या काळातला बँड इतक्या विस्ताराने दुसरीकडे कुठेही ऐकायला मिळत नाही.

मी मूळ चार बाजू आधी ऐकल्या होत्या आणि तेच बरं झालं असं मला वाटतं.

*

ऑल्टरनेट टेकबद्दल

जुन्या सीडी रीइश्यूंनी एक वाईट खोड लावली. मूळ टेकच्या पाठोपाठ तीच धून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या सेव्हॉय आणि डायल या लेबलांसाठीच्या सेशन्सचे काही संच असेच आहेत. दोन-तीन मिनिटांची धून, मधेच तुटलेला टेक, परत सुरुवात. नवीन माणूस वैतागतो आणि पार्करलाच दोष देतो.

पण अभ्यासासाठी तोच क्रम सोन्यासारखा आहे. २६ नोव्हेंबर १९४५ चं 'को-को' घ्या. पहिल्या टेकमध्ये सुरुवातीचा भाग संपवून ते 'चेरोकी'ची चाल वाजवायला लागतात आणि लगेच कुणीतरी थांबवतं. ती चाल दुसऱ्याची, वाजवली तर त्याचे पैसे द्यावे लागणार. पुढच्या टेकमध्ये चाल गायब, फक्त तिचे कॉर्ड्स उरले, आणि त्यावर पार्कर सुटतो. तुटलेला टेक ऐकल्याशिवाय त्या धूनेचा सांगाडा कुठून आला ते कानाला कळत नाही.

पार्करचा सगळ्यात टोकाचा सेट अर्थातच डीन बेनेडेटीचा. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा. १९४७-४८ मध्ये क्लबमध्ये यंत्र घेऊन बसायचा आणि पार्करचा सोलो आला की सुरू, संपला की बंद. बाकीचे काय वाजवतात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ही रेकॉर्डिंग्ज अनेक वर्षं नुसती ऐकीव गोष्ट होती. १९९० मध्ये मोझेइक रेकॉर्ड्सने सात सीडींत काढली. आवाज खरखरीत, धून अर्धवट, सुरुवात नाही, शेवट नाही. सलग ऐकायचा सेट नव्हे हा. पण पार्कर एका रात्रीत एकच वाक्य किती प्रकारे वळवतो हे बघायचं तर दुसरी जागा नाही.

*

एक शंका

वाचतेय, बरंच नवीन कळतंय. मी अलीकडेच एलपी घ्यायला लागले. ब्लू नोट या जॅझ लेबलच्या जुन्या प्रती आणि नवीन रीइश्यू यांत नक्की काय बघायचं? लोक 'आरव्हीजी', 'कान' असं काहीतरी बोलतात, ते काय?

*

लेबलाजवळची मोकळी पट्टी

शेवटच्या खाचेपासून कागदी लेबलापर्यंतची जी गुळगुळीत पट्टी असते ती उजेडात तिरकी धरून बघा. तिथे मास्टर, म्हणजे तबकडीचा मूळ साचा, कापणारा आपली खूण कोरतो. 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असेल तर ती ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने स्वतः कापलेली. ब्लू नोटची बहुतेक मोठी रेकॉर्डिंग्ज त्याचीच. १९५९ पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमध्ये आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात, त्यानंतर इंगलवुड क्लिफ्सच्या उंच छताच्या स्टुडिओत.

'कान' म्हणजे प्लॅस्टिलाइट या कारखान्याची खूण. वळणदार 'पी' अक्षर आहे ते, दिसतं कानासारखं. संस्थापक आल्फ्रेड लायनने १९६० च्या दशकाच्या मध्यात ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकल्यावर प्रेसिंग दुसरीकडे गेलं आणि हा कान गेला. म्हणून आरव्हीजी आहे पण कान नाही अशी प्रत बहुधा लिबर्टीच्या काळातली, जुन्याच स्टॅम्परवरून (छापण्याच्या साच्यावरून) काढलेली. ऐकायला ती कित्येकदा उत्तम असते. कानासाठी झुरू नका. खरवडलेल्या, सुईने खाल्लेल्या पहिल्या प्रतीपेक्षा नीट ठेवलेली नंतरची प्रत हजारपट बरी.

नवीन रीइश्यूंत २०१९ पासूनची टोन पोएट मालिका आणि तिच्या पाठोपाठची क्लासिक व्हिनाइल मालिका बघा. दोन्हींचं कटिंग केव्हिन ग्रेचं. टोन पोएटला जाड गेटफोल्ड कव्हर आणि आत फ्रान्सिस वूल्फचे सेशनमधले फोटो. क्लासिक व्हिनाइल साध्या कव्हरात. आवाजाच्या बाबतीत मला दोघींत उणंदुणं काढावंसं वाटत नाही.

*

मोनो की स्टिरिओ

वरच्यात थोडी भर. ब्लू नोटच्या १९५०च्या दशकाच्या शेवटच्या अल्बमांत मोनो आणि स्टिरिओ दोन्ही मिळतात, आणि मोनो म्हणजे खरं, स्टिरिओ म्हणजे नंतरची सोय असं सरसकट सांगितलं जातं. पूर्ण बरोबर नाही ते. काही काळाने व्हॅन गेल्डर दोन ट्रॅकवरच रेकॉर्ड करायला लागला आणि मोनो त्याच्यातून मिसळून काढायचा. मात्र त्या सुरुवातीच्या काळात सेशन चालू असताना कान मोनोवरच असायचे, म्हणून स्टिरिओत ट्रम्पेट एका टोकाला आणि ड्रम्स दुसऱ्या टोकाला असं होतं. हेडफोनवर ऐकणाऱ्यांना ते खुपतं. खोलीत स्पीकरवर ऐकलं तर तेवढं नाही.

*

अ‍ॅनालॉगचा हट्ट

रीइश्यूवरचं स्टिकर वाचायचं, पण त्यापुढे जाऊन विचारायचं. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू कंपनीच्या बाबतीत काय झालं ते आठवतंय ना? लोक त्यांच्या एलपी मूळ टेपवरून थेट कापलेल्या समजून घेत होते. मधे डिजिटल टप्पा होता हे कंपनीला जाहीरपणे मान्य करावं लागलं, प्रकरण कोर्टात गेलं.

मला त्यातून वाटतं ते असं. डिजिटल टप्प्याने आवाज बिघडला असं नव्हे, त्या एलपी ऐकायला सुंदरच होत्या. पण घेणाऱ्याला माहिती खरी मिळाली पाहिजे. कोणती टेप, मूळ की प्रत, कुणी कापली, कुठे प्रेस झाली. ज्या लेबलला सांगण्यासारखं असतं ते कव्हरवरच छापतं.

याची दुसरी बाजू म्हणजे युरोपातले 'आठ क्लासिक अल्बम, चार सीडी' छापाचे स्वस्त संच. त्यांत बहुधा १९६२ पर्यंतचंच का असतं हे अनेकांना कोडं असतं. युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांचं होतं, ते २०१३ पासून ७० झालं. त्याआधीच जे मोकळं झालं होतं, म्हणजे १९६२ संपेपर्यंत प्रकाशित झालेलं, ते मोकळंच राहिलं. बेकायदा नाहीत ते संच तिथे. पण मूळ टेप यांच्याकडे नसते, कुठल्यातरी सीडीवरूनच उचललेलं असतं, आणि पुस्तिकेत वादकांची नावंही धड नसतात. ओळख करून घ्यायला ठीक. आवडलं की पुढची प्रत नीट घ्या.

*

सोबत वाजवणाऱ्यांसाठी

मी ट्रम्पेट शिकतो, त्यामुळे रीइश्यूचा प्रश्न माझ्यासाठी सुराचा आहे. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचं सेशन २ मार्च १९५९ चं. त्या दिवशी टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढा येतो. १९९२ मध्ये दुसऱ्या मशीनवरची राखीव टेप वापरून हे सुधारलं. तोवर सगळं जग 'सो व्हॉट' चढ्या सुरात ऐकत होतं. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर आहे.

जुनी एलपी लावून सोबत वाजवायला गेलं की पहिल्या बाजूला वाद्य जुळत नाही आणि दुसऱ्या बाजूला जुळतं. आपलंच काहीतरी बिघडलंय असं वाटतं. तेव्हा सराव करणाऱ्यांनी १९९७ ची किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी. या अल्बमचे मोठे वर्धापनदिनी संच मात्र घ्यायची घाई नको. पूर्ण असा ऑल्टरनेट टेक एकच आहे, 'फ्लेमेंको स्केचेस'चा, आणि तो साध्या सीडीवरही मिळतो.

*

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांचं काय?

तुम्ही सगळे तबकड्यांचं बोलताय. मी फोनवर ऐकतो. तिथे सेट, अल्बम, बोनस सगळं एकाखाली एक ओतलेलं असतं. जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' संपतं आणि क्षणाचीही उसंत न देता पुढचा टेक सुरू. वादक कोण ते कळत नाही, तारीख दिसते ती रीइश्यूची. धागालेखिका म्हणतात तो मूळ क्रम जपायचा कसा?

*

धागालेखिकेचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूपोर्टचा अपवाद मान्य, बिनशर्त. अल्बमचा क्रम हा कलेचा निर्णय असेल तरच त्याला मान. नुसती घाई असेल तर सरळ चांगली टेप ऐकावी.

स्ट्रीमिंगवाल्यांनी एवढंच करावं: मूळ एलपीच्या धूनांची यादी बघून तेवढ्याच धूनांची आपली वेगळी यादी बनवावी आणि पहिली बाजू संपते तिथे स्वतः थांबवावं. 'अ लव्ह सुप्रीम'मध्ये 'रेझोल्यूशन' संपल्यावर बाजू उलटायची. ती उसंत लागते, कारण 'पर्स्युअन्स' एल्विन जोन्सच्या ड्रम्सवर सुरू होतं आणि ते शांततेतून आलं पाहिजे.

रीइश्यूच्या लोकांबद्दल एक राहिलं. रीइश्यूचे निर्माते मायकल कुस्कुना २०२४ मध्ये गेले. १९७०च्या दशकात ब्लू नोटच्या गोदामात शिरून त्यांनी जे शोधलं ते नुसते जादा टेक नव्हते, अख्खे अल्बम होते. वेन शॉर्टरचा 'द सूथसेयर' १९६५ चा, बाहेर आला १९७९ मध्ये. ग्रँट ग्रीनचा 'मॅटाडोर' १९६४ चा, तोही १९७९ मध्ये. त्याच वर्षी ग्रीन वारला. त्याच्या नावावर पियानोवाल्या सॉनी क्लार्कसोबत झालेली चौकडीची सेशन्स तर दोघांच्या हयातीत निघालीच नाहीत. आज ती ऐकताना विश्वास बसत नाही की कुणीतरी ती फडताळात ठेवून दिली होती. चार्ली लोरी आणि कुस्कुना यांनी मोझेइक काढली, १९८३ मध्ये थेलोनियस मंकच्या ब्लू नोट रेकॉर्डिंग्जच्या सेटने सुरुवात झाली. ठरावीक प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, आणि पुस्तिका अशी की सेशनगणिक कोण होतं, काय झालं ते सगळं. अशा ठिकाणी 'आधी मूळ अल्बम' हा माझा आग्रह लागूच होत नाही, कारण मूळ अल्बम कधी झालाच नव्हता. सेट हाच पहिला अल्बम.

तेच मंक आणि कोल्ट्रेनच्या कार्नेगी हॉलचं. २९ नोव्हेंबर १९५७ चा कार्यक्रम, टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून, २००५ मध्ये लॅरी अ‍ॅपलबॉमच्या हाती लागली. या दोघांच्या मंचावरच्या वाजवण्याचं इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग त्याआधी कुणी ऐकलंच नव्हतं.

*

प्लग्ड निकेल घेऊ का?

माइल्स डेव्हिसचा शिकागोतल्या प्लग्ड निकेल क्लबमधला आठ सीडींचा सेट समोर आलाय. या धाग्यातले सगळे आग्रह वाचून आता घाबरायला झालंय. घेऊ का, आणि सुरुवात कुठून?

*

घ्या

घ्याच. २२ आणि २३ डिसेंबर १९६५. वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर, टोनी विल्यम्स. त्याच वर्षी माइल्सच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि कित्येक महिने बँड बंद होता. धूना जवळपास सगळ्या जुन्या, लोकांच्या ओळखीच्या, आणि तरुण साथीदार त्या आतून सोडवून टाकताहेत. जिथे जोर यायचा तिथे आवाज काढून घेतात, जिथे थांबायचं तिथे चढतात. माइल्सच्या ओठांत पहिल्या सेटला पुरेसा दम नाही, तेही ऐकू येतं आणि हळूहळू भरून येताना ऐकू येतं.

आठही सीडी रांगेने लावू नका. एका बैठकीला एक सेट. पहिली सीडी 'इफ आय वर अ बेल'ने सुरू होते. त्याआधी प्रेस्टिजच्या 'रिलॅक्सिन''मधलं १९५६ चं 'इफ आय वर अ बेल' ऐका, रेड गार्लंड पियानोवर घंटेची सुरावट वाजवतो तिथपासून शेवटपर्यंत. दोनदा ऐकलं तरी चालेल, म्हणजे चाल पक्की बसेल. मग शिकागोची सीडी लावा आणि पहिल्यांदा फक्त ड्रम्सवरच्या टोनी विल्यम्सकडे लक्ष ठेवा. पाच-सहा मिनिटांत कळेल की उरलेल्या सात सीडी हव्यात की नाही.